सहाशे अकरावी त्रुटी

आमच्या इमारतीत बहात्तर घरं आहेत. त्या बहात्तर घरांत मिळून इमारतीसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी केलेला माणूस एकच आहे, आणि तो मी. बाकीच्यांनी सूचना केल्या आहेत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरले.

मी केला तो एक प्रोग्राम. नोकरीची एकतीस वर्षं मी एका गोदाम खात्याचे प्रोग्राम लिहिण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात बायको म्हणाली, "तुम्ही काहीही करत बसा, पण स्वयंपाकघराच्या बाहेर." तेव्हा मी इमारतीचा प्रोग्राम लिहायला घेतला. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद, तळमजल्यावरच्या हॉलचं आरक्षण, लिफ्ट बंद पडल्याची वर्दी आणि निनावी तक्रार. ही शेवटची सोय माझी स्वतःची कल्पना. पूर्वी आमच्याकडे तक्रारी जिन्यात होत, त्याही चढ्या आवाजात, आणि मग दोन-दोन वर्षं अबोला चाले. माझ्या प्रोग्राममध्ये आपल्या घरी बसून तक्रार टाइप करायची, ती समितीला जायची आणि कुणी केली ते कुणालाच कळायचं नाही. तशी लेखी हमी मी माझ्या सहीने दिली होती. सहा वर्षांत जिन्यातली भांडणं बंद झाली. कुणी आभार मानले नाहीत, आणि माझी तशी अपेक्षाही नव्हती. म्हणजे पहिलं वर्षभर होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक सरकारी परिपत्रक आलं. ज्या इमारतीत रहिवाशांची माहिती संगणकावर ठेवली जाते, तिने आपल्या प्रोग्रामच्या सोर्स कोडची सुरक्षा तपासणी करून महिनाअखेर दाखला घ्यावा, नाहीतर प्रोग्राम बंद करावा. आमचे सेक्रेटरी म्हणजे नियम दिसला की ज्यांना उत्साहाचं भरतं येतं, अशांपैकी गृहस्थ. त्यांनी ते परिपत्रक मला लिफ्टमध्ये वाचून दाखवलं. आपल्या जावयाचं एक तयार ॲप आहे आणि ते दाखल्यासकट मिळतं, हेही त्यांनी दुसरा आणि तिसरा मजला यांच्या दरम्यान सांगून घेतलं.

"तुमचं झालं तर उत्तमच," ते म्हणाले. "नाही झालं तर आहेच."

जावयाचं ॲप मी पाहिलं आहे. उघडलं की आधी एक फुलपाखरू उडतं. त्या फुलपाखराने माझ्या प्रोग्रामची जागा घ्यावी हे मला मरेपर्यंत मान्य होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो प्रोग्राम गेला असता तर या इमारतीत मी कोण, हा प्रश्नच होता. बत्तीस नंबरमधला एक निवृत्त मनुष्य, बस.

माझी धाकटी बहीण याच धंद्यात आहे. कंपन्यांच्या प्रोग्राममधली भोकं शोधून देते आणि त्याबद्दल तिला मान मिळतो, हे एक कोडंच आहे. मी तिला फोन केला.

"सोपं आहे दादा," ती म्हणाली. "स्टॅटिक ॲनालिसिस कर. प्रोग्राम चालवायचाच नाही. नुसता कोड एका टूलला वाचायला द्यायचा. ते ओळ न ओळ वाचतं आणि चोर कुठून शिरू शकेल ते सांगतं."

"न चालवता?"

"न चालवता."

मला हे तत्त्वच पटलं नाही. ताटाला हात न लावता स्वयंपाकाला नावं ठेवण्यातला हा प्रकार. पण दाखला हवा होता. मी बहिणीने सांगितलेलं फुकटचं टूल उतरवून घेतलं, कोड त्याच्या स्वाधीन केला आणि बायकोला मुद्दाम बाहेर बोलावलं. माझा अंदाज दोन किंवा तीन त्रुटींचा होता. त्यातली एक तर मी माहीत असून ठेवली होती.

टूलने चार मिनिटं घेतली आणि आठशे सत्तेचाळीस त्रुटी दाखवल्या. त्यांपैकी दोनशे तीन 'गंभीर'.

"आठशे सत्तेचाळीस म्हणजे चांगले की वाईट?" बायकोने विचारलं.

मी म्हणालो की या गोष्टी इतक्या ढोबळपणे सांगता येत नाहीत.

बेचाळिसाव्या ओळीबद्दल टूलचं म्हणणं असं, की मुख्य पासवर्ड कोडमध्येच उघड लिहून ठेवला आहे. एवढं सांगून गप्प बसावं की नाही? तर तो पासवर्ड अहवालात अक्षर न अक्षर छापलाही होता. तो एक तारीख होती. बायको वाकून बघायला लागली. मी जरा लाजून म्हणालो, "तुझा वाढदिवस." तिने चष्मा लावला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "हा माझा नाही. तुमच्या बहिणीचा आहे." त्या दिवशी आमच्याकडे जेवण झालं, पण बोलणं झालं नाही.

बहिणीने अहवाल वाचून फोन केला. तिच्या आवाजात दया होती, आणि दया मला शिवीपेक्षा वाईट लागते.

"दादा, लोकांनी चौकटीत जे लिहिलं ते तू जसंच्या तसं डेटाबेसला देतोस. उद्या कुणी नावाच्या जागी हुकूम लिहिला तर तुझा प्रोग्राम तो पाळेल."

"आमच्याकडे लोक नावाच्या जागी नाव लिहितात."

"आणि एकच तुकडा तू चारशे ठिकाणी चिकटवलायस. त्यामुळे एकच चूक चारशे वेळा आलीय."

मी तिला सांगितलं की याला सातत्य म्हणतात. तिने फोन ठेवला.

तरी मी हार मानली नाही. अहवाल घेऊन मी दाखला देणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. चार नंबरच्या खिडकीत एक कारकून बसला होता आणि त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा उंच फायली होत्या. अर्जात तीन रकाने होते. सापडलेल्या त्रुटी, दुरुस्त केलेल्या त्रुटी, उरलेल्या त्रुटी. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तरच अर्ज घेतात, असं त्याने सांगितलं.

"आणि पहिल्यातच शून्य असेल तर?"

"मग तपासणी झालीच नाही असं धरतात. सापडाव्या लागतात. लोकांच्या पंधरा-वीस असतात."

मी माझा आकडा सांगितला. त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याने रकाना दाखवला. त्यात आकड्यांसाठी चौकटी दोनच होत्या.

"नव्व्याण्णव लिहा," तो म्हणाला.

"पण आठशे सत्तेचाळीस आहेत."

"साहेब, चौकटी वरून ठरून येतात. त्रुटी तुमच्या आहेत. त्या तुम्ही जमवून घ्या."

यानंतर त्याने आणखी एक नियम सांगितला. अर्जाबरोबर पूर्ण अहवाल इमारतीच्या सूचनाफलकावर सात दिवस लावायचा, रहिवाशांच्या हरकती मागवायच्या आणि लावल्याचा फोटो जोडायचा. मी त्याला शांतपणे समजावलं, की या अहवालात प्रोग्राम कुठून आणि कसा फोडता येईल ते ओळ क्रमांकासह दिलेलं आहे. घराला कुलूप नीट बसत नाही हे कळल्यावर ते दारावर लिहून ठेवायचं का?

"सगळ्या अर्जांना हाच नियम आहे," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात झाड तोडायचा अर्ज होता. तोही सात दिवस लावला. झाडाने काही तक्रार केली नाही."

मी घरी येऊन सेक्रेटरींना सांगितलं की हे लावू नये. मी सांगून संपेपर्यंत त्यांनी अहवालाच्या एकशे चाळीस पानांना भोकं पाडून दोरी ओवली होती. बुधवारी सकाळी तो गठ्ठा लिफ्टशेजारी लटकला. बाजूला दोरीने एक पेन्सिल बांधली होती, हरकतींसाठी.

यानंतर मला जो सल्ला मिळाला तो लिहून ठेवला असता तर त्याचीही एकशे चाळीस पानं झाली असती. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, मुळापासून काढून टाका आणि नवीन बसवा. पाचव्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, त्रुटी मान्यच करू नका, टूलला सिद्ध करू दे. माझ्या साडूंनी, ज्यांना मोबाइलवरचा अलार्म बंद करता येत नाही, मला फोन करून विचारलं की संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघितला का. या सगळ्यांनी सहा वर्षं माझा प्रोग्राम वापरला होता. कोड म्हणजे काय हे त्यांना बुधवारी कळलं आणि गुरुवारी ते त्यातले जाणकार झाले होते.

शुक्रवारी कुणीतरी नववं पान वाचलं. नवव्या पानावर पासवर्ड होता. दुपारपर्यंत तळमजल्यावरचा हॉल येत्या चार वर्षांतल्या सगळ्या रविवारांसाठी आरक्षित झाला होता. दातांच्या डॉक्टरांनी दोनशे रविवार घेतले. कशासाठी, विचारल्यावर म्हणाले, "असू दे." मी पासवर्ड बदलला. या वेळी बायकोचा खरा वाढदिवस घातला, तिच्याकडूनच खात्री करून. त्यावर बहीण फोनवर काय बोलली ते इथे देण्यासारखं नाही.

मग मी दुरुस्त्यांना हात घातला. बहिणीचं म्हणणं होतं की चौकटीत येणारा मजकूर आधी तपासून घ्यावा. मी कडक नियम केला. गेटवर पाहुण्याच्या नावात फक्त अक्षरं चालतील. आकडे नाहीत, चिन्हं नाहीत, काही नाही. चोराने हुकूम लिहायचा म्हटलं तरी त्याला चिन्ह मिळणार नाही. मी फार खूश होतो. शनिवारी सकाळी नऊला मी तो नियम लागू केला आणि आंघोळीला गेलो.

मला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं, की आपल्या लिपीतला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना संगणक अक्षर मानत नाही. त्याच्या मते ती चिन्हं आहेत. म्हणजे शनिवारी नऊ वाजल्यापासून ज्याच्या नावाला एक काना किंवा एक वेलांटीसुद्धा नाही अशाच माणसाला आमच्या इमारतीत प्रवेश होता. असा माणूस दिवसभरात एकच आला, आणि त्याला शेजारच्या इमारतीत जायचं होतं. वॉचमनने त्याला आग्रहाने आत घेतलं.

बाकी सगळे गेटवर. प्लंबर गेटवर, दूधवाला गेटवर, दातांच्या डॉक्टरांचे सुजलेल्या गालांचे चार पेशंट गेटवर. वॉचमन हा प्रोग्रामपुढे मान तुकवणारा एकमेव मनुष्य. पडद्यावर 'नाव अवैध' असं आल्यावर त्याने कुणाला सोडणं शक्यच नव्हतं. साडेदहाला माझ्या सासूबाई आल्या. त्यांच्या नावात दोन काने आणि एक वेलांटी आहे. त्या पाऊण तास वॉचमनच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माझ्या जावयाने माझं नाव अवैध केलंय." मी खाली पोचलो तेव्हा त्यांच्याभोवती सहानुभूती दाखवणाऱ्यांचा घोळका होता. त्या घोळक्यात सेक्रेटरीही होते आणि ते हसत नव्हते. न हसण्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं.

सोमवारी मी टूल पुन्हा चालवलं. मोठ्या मेहनतीने मी नव्वद त्रुटी काढल्या होत्या. आता आकडा नऊशे बारा होता. माझ्या दुरुस्त्यांमध्येच नव्या एकशे पंचावन्न निघाल्या होत्या. मी संगणक बंद केला. एकतीस वर्षं मी हेच करत आलो होतो आणि कुणी मला कधी काही बोललं नव्हतं. कारण कुणी वाचलंच नव्हतं. हे मनाला लागलं, नाही कसं म्हणू?

मंगळवारी दुपारी हेडसर आले. हेडसर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. एकटे राहतात, हातात कायम लाल पेन. सातवा दिवस होता, म्हणून त्यांनी गठ्ठा दोरीवरून सोडवून आणला होता. अहवाल इमारतीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला मनुष्य हा एकटाच. त्यांनी शुद्धलेखन तपासलं होतं, समासात फलकावरच्या पेन्सिलने खुणा केल्या होत्या, आणि जिथे समजलं नाही तिथे मात्र लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यांना सगळंच समजलं असावं, कारण गोल एकच होता.

"हे सहाशे अकरा मला नीट कळलं नाही," ते म्हणाले.

मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. मी एकपासून क्रमाने चाललो होतो. सहाशे अकरावर लिहिलं होतं, 'व्यक्तिगत माहिती साध्या फायलीत लिहिली जात आहे. गंभीर.' पुढे ओळ क्रमांक. मी ती ओळ उघडली. ती तक्रारीच्या भागात होती. तक्रार आली की ती कुठल्या घरातून आली, कुणाविरुद्ध आणि काय, ते सगळं ती ओळ एका फायलीत उतरवून ठेवत होती. पहिल्या आठवड्यात प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला मी ती घातली असणार. वर माझाच शेरा होता. 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

सहा वर्षं झाली होती.

"म्हणजे ते निनावी नव्हतं?" हेडसरांनी विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या..." मी म्हणालो आणि थांबलो. हेडसरांपुढे अशी वाक्यं पुरी होत नाहीत.

ते खुर्चीत बसले. लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मी काही तक्रारी करणारा मनुष्य नाही," ते म्हणाले. "एखादी. पाचव्या मजल्यावरच्या वकीलबाई दार फार आपटतात. तेवढी केली होती. दोनदा." मग जरा थांबून म्हणाले, "त्या मला दर सोमवारी दवाखान्यात घेऊन जातात. गेली तीन वर्षं. स्वतः गाडी चालवतात."

मी त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला.

"तुमची सही होती त्या कागदावर," ते म्हणाले. "म्हणून लिहिलं मी."

आजवर मला या इमारतीत पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले आहेत. त्यातल्या कशानेही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की ही फाइल मी आत्ताच्या आत्ता पुसतो, आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आलो.

फाइल मी लगेच पुसली नाही. पुसण्याआधी तिचा आकार बघणं आवश्यक होतं. आकार बघायचा तर ती उघडावी लागते. उघडली की तारखा बरोबर आहेत का, हे कुणीही जबाबदार माणूस बघेल. वाचली मात्र नाही. तसं करणं माझ्या स्वभावातच नाही.

इकडे एक घोटाळा होऊन बसला होता. हेडसरांनी तो लाल गोल शनिवारीच केला होता. एकशे चाळीस काळ्या-पांढऱ्या पानांत एकच लाल गोल असल्यावर लोक दुसरं काय वाचणार? शनिवार ते मंगळवार, लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येकाने सहाशे अकरा वाचलं होतं आणि वकीलबाईंनी ते सगळ्यांना सोपं करून सांगितलं होतं. रविवारी सकाळी दहाला सभा ठरली.

मी मनाची तयारी करून गेलो होतो. लोक चिडतील, हमीचा कागद नाचवतील, माझा प्रोग्राम बाहेर फेकतील. हॉलमध्ये पाऊल ठेवलं तर दातांच्या डॉक्टरांनी उठून मला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कुणीतरी पाणी आणून दिलं.

"घरच्या माणसाने केलेला प्रोग्राम तो घरच्या माणसाने केलेला," डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्या ॲपला ती आपुलकी येणार आहे का?"

माना डोलल्या. मग वकीलबाई उठल्या. "माझं म्हणणं फार साधं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याविरुद्ध कुणी काय लिहिलं, ते कळण्याचा मला हक्क आहे. बाकीच्यांच्या तक्रारींशी मला कर्तव्य नाही. मी केलेल्या तक्रारींशी इतरांना कर्तव्य नसावं."

यावर प्रत्येकाला आपापल्यापुरतं हेच म्हणायचं होतं. बहात्तर घरांना त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी बघायच्या होत्या आणि त्यांनी केलेल्या दाखवायच्या नव्हत्या. हे गणित जमत नाही हे लक्षात यायला वीस मिनिटं गेली. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. सगळी यादी फलकावर लावावी. सात दिवस. हरकती मागवाव्यात. सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं. जावयाचं ॲप सेक्रेटरी स्वतःच विसरले होते. त्यांना कचऱ्याच्या डब्याबद्दल आपल्याविरुद्ध कुणी लिहिलं होतं ते कळायला हवं होतं.

"यादी देताय ना?" त्यांनी मला विचारलं. "मग तुमच्या प्रोग्रामला आपण सर्वानुमते मंजुरी देऊ. दाखल्याचं मी बघतो. दोनच चौकटी आहेत, त्यात काय एवढं."

असा तो प्रसंग होता. माझा प्रोग्राम वाचत होता. गेटच्या नोंदी, हॉल, लिफ्टची वर्दी, मी जीव ओतून केलेल्या या गोष्टींबद्दल कुणाला काडीचं प्रेम नव्हतं. त्यांना आवडलं होतं ते त्यातलं भोक. ते भोक तसंच ठेवावं आणि त्यातून आत डोकावायला मिळावं एवढ्यासाठी ते मला खुर्ची देत होते. मी त्या सगळ्या तोंडांकडे बघितलं. शेवटच्या रांगेत हेडसर बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मांडीवरच्या हातांकडे बघत होते. वकीलबाई त्यांच्याच शेजारी होत्या आणि त्यांची पाण्याची बाटली सांभाळत होत्या.

"यादी नाही," मी म्हणालो. "फाइल मी पुसली. मंगळवारीच."

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"म्हणजे पुरावा नष्ट केलात," वकीलबाई म्हणाल्या.

"प्रतही नाही ठेवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

डॉक्टरांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. त्यानंतर सगळं फार झटपट झालं. सेक्रेटरींना जावयाची आठवण झाली. माझ्या प्रोग्राममध्ये नऊशे बारा त्रुटी आहेत, सासूबाईंना गेटवर बसावं लागलं, एवढ्या असुरक्षित वस्तूवर इमारतीने विसंबून राहू नये, हे सगळे मुद्दे एकेकाला सुचत गेले. ॲपचा सोर्स कोड बघायला मिळेल का, असं मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की तो मिळत नाही, दाखला मिळतो. ॲपमध्येही निनावी तक्रारीची सोय आहे. तिच्यात नावं कुठे जातात हे कुणीही विचारलं नाही. ठराव मताला टाकला. सगळे हात वर गेले. हेडसरांचा हात पहिला होता.

जिन्यात ते माझी वाट बघत थांबले होते. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, काढला आणि एकेक पायरी चढत वर गेले.

घरी आलो. बायको माझ्या मागोमाग आत आली आणि तिने दार लावून घेतलं. ती सभेत बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती.

"कधी पुसलीत म्हणे?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"काल दुपारी तुम्ही संगणकापुढे बसून गालातल्या गालात हसत होतात ते काय होतं?"

मी संगणक चालू केला. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्या शेजारी मांडली आणि हाताची घडी घालून बसली. मी फाइल निवडली. पुसायची का, असं संगणकाने विचारलं. नक्की का, असं पुन्हा विचारलं. सहा वर्षांत या इमारतीत मला कुणी दोनदा काही विचारलेलं नाही. मी हो म्हणालो. फाइल गेली. नंतर प्रोग्राम बंद केला. त्याबद्दल संगणकाने एकदाच विचारलं.



"बरं केलंत," ती म्हणाली. असं ती सहसा म्हणत नाही.

मग तिने विचारलं, "आपल्या घरातून गेलेल्या तक्रारी वाचल्यात?"

"एक ओळही वाचली नाही."

"मग बुधवारपासून पहाटे रेडिओ का लावत नाही तुम्ही?"

"सेल संपलेत," मी म्हणालो.

"त्याला वायर आहे," ती म्हणाली.